इंजिनाला एक गुण, पत्र्याला पाच

ब्रिटनमध्ये एखाद्या जुन्या गाडीत फार मोठे फेरफार झाले, तर ती तीच गाडी राहिली की दुसरीच झाली, हा प्रश्न तिथल्या वाहननोंदणी खात्यापुढे येतो. तो सोडवायला खात्याने बरीच वर्षं एक गुणपत्रिका वापरली. मूळचा सांगाडा शाबूत असेल तर पाच गुण. बॉडी आणि चासी वेगळी नसलेल्या गाड्यांत सांगाडा म्हणजे पत्र्याचं सबंध खोकं. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि ज्याला आपण गाडीचं काळीज म्हणतो त्या इंजिनाला फक्त एक. जुना नंबर टिकवायला आठ गुण लागत आणि त्यात सांगाड्याचे पाच असावेच लागत. म्हणजे इंजिन नापास झालं तरी गाडी पास होई. उलट बाकी सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी पडून नऊ गुण झाले आणि सांगाडा तेवढा गेला, तर गाडी नापास. हे कोष्टक कारकुनी वाटतं खरं, पण जुनी छोटी ब्रिटिश गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला यापेक्षा नेमका सल्ला मिळणार नाही. अशी गाडी घेणारा बहुतेक वेळा इंजिनाचा आवाज ऐकतो, एक फेरी मारतो, रंगावर हात फिरवतो आणि सौदा करतो. त्याने यंत्राला पैसे मोजलेले असतात. प्रत्यक्षात त्याच्या हाती पडतो तो पत्रा, आणि पुढची दहा वर्षं त्याचा खिसा कोण रिकामा करणार हे तो पत्राच ठरवतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते मिनीत. मिनी म्हटलं की आपल्याकडे आधी मिस्टर बीन आठवतो. लिंबोणी हिरव्या रंगाची, काळ्या बोनेटची, दाराला बाहेरून कुलूप ठोकलेली त्याची गाडी सत्तरच्या दशकातली मिनी होती. बीन कुलूप घालतो ते चोराच्या भीतीने; मिनीच्या मालकाला खरा लुटणारा चोर मात्र दार उघडून येत नाही, तो खालून, रस्त्याकडून वर चढत येतो. इथे मिनी म्हणजे १९५९ पासून ४ ऑक्टोबर २००० पर्यंत बनत राहिलेली मूळ गाडी. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये त्याच नावाने आणलेली गाडी दिसायला तिची भाची वाटली तरी आकाराने आणि घडणीने पूर्ण वेगळी आहे.

पत्रा एवढा महत्त्वाचा का ठरला, याचं उत्तर या गाडीच्या जन्मातच आहे. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून युद्ध पेटलं, तेलाची वाट अडली आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. कमी पेट्रोल पिणाऱ्या, बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या तीनचाकी-चारचाकी जर्मन गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, म्हणजे बीएमसीचे, प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या गाड्यांचा मनस्वी तिटकारा. त्यांनी अ‍ॅलेक इसिगोनिस यांना धरलं आणि चार माणसं नीट बसतील अशी खरीखुरी छोटी गाडी करायला सांगितलं. इसिगोनिस तुर्कस्तानातल्या स्मिर्ना इथे, आजच्या इझ्मीरमध्ये, १९०६ साली जन्मलेले; १९४८ ची मॉरिस मायनर त्यांचीच. अट एकच होती: नवं इंजिन बनवायला वेळ नाही, कारखान्यात जे तयार होतंय तेच वापरायचं. तयार होतं ते ए-सीरिज इंजिन, १९५१ च्या ऑस्टिन ए-३० मधून आलेलं. इसिगोनिस यांनी ते आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली ऑइलच्या भांड्यातच कोंबला आणि पुढची चाकं फिरवली. डनलॉपकडून अवघ्या १० इंचांची चाकं करून घेतली. स्प्रिंगांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी रबराचे शंकू दिले. गाडीची लांबी झाली १० फूट, म्हणजे जेमतेम ३ मीटर, आणि त्यातली सुमारे ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला उरली. २६ ऑगस्ट १९५९ ला ती बाजारात आली तेव्हा सगळ्यात स्वस्त नमुन्याची किंमत करासकट ४९६ पौंड १९ शिलिंग २ पेन्स होती. फोर्डच्या लोकांनी एक मिनी आणून तिचा खिळा-न्-खिळा सुटा केला आणि हिशेब मांडला, की प्रत्येक गाडीमागे बीएमसीला सुमारे ३० पौंडांचं नुकसान होत असावं. हा आकडा पुढे वादाचा झाला, पण गाडी किती हात आखडून बनवली होती ते त्यावरून कळतं.

आजच्या खरेदीदाराच्या दृष्टीने या कथेत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली अशी, की मिनीचं इंजिन मिनीचं एकटीचं कधीच नव्हतं. तेच कुळ मॉरिस मायनरमध्ये, ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये, एमजी मिजेटमध्ये, पुढे मेट्रो नावाच्या गाडीत लागलं. ८०३ सीसीपासून १२७५ सीसीपर्यंत त्याचे अनेक भाऊबंद झाले आणि जवळजवळ ५० वर्षं ते बनत राहिलं. एकट्या मिनीच ५३ लाखांहून जास्त विकल्या गेल्या. एवढ्या पसाऱ्यामुळे पिस्टन, बेअरिंग, वॉटर पंप, क्लच प्लेट असली कुठलीही गोष्ट आजही नवी मिळते, आणि बहुधा इतर जुन्या गाड्यांच्या मानाने स्वस्त मिळते. अख्खं इंजिन सोडवून दुसरं बसवणं हे जाणत्या मेकॅनिकचं एक-दोन दिवसांचं काम. दुसरी गोष्ट पत्र्याची. मिनीला वेगळी चासी नाही. छत, फरशी, दाराखालच्या पट्ट्या, मागची-पुढची तावदानं धरणारे खांब हे सगळे पातळ पत्रे एकमेकांना जोडून जे खोकं होतं, तीच गाडीची ताकद. जोडणी सोपी आणि स्वस्त व्हावी म्हणून पत्र्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला वळवून तिथेच वेल्डिंग केलं. मिनीच्या अंगावर दिसणाऱ्या त्या शिवणी म्हणजे फॅशन नव्हे, काटकसर. गंजरोधक लेप ही त्या काळी चैन होती. पहिल्या काही महिन्यांत बनलेल्या गाड्यांत तर फरशीचे पत्रे चुकीच्या दिशेने एकावर एक आले होते. कौलं उलटी शाकारावीत आणि पागोळ्या घरात पडाव्यात, तसं रस्त्यावरचं पाणी थेट बसणाऱ्याच्या पायाशी यायचं. ती चूक लवकर सुधारली, पण पत्र्याच्या दोन थरांत पाणी अडकण्याच्या जागा शेवटच्या गाडीपर्यंत राहिल्याच. त्यात ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. खाऱ्या चिखलाने भरलेली, वर्षानुवर्षं न वाळलेली ती पोकळी म्हणजे गंजासाठी पेरलेलं शेतच. (चिलीत काही काळ फायबरग्लासच्या बॉडीच्या मिनी बनल्या होत्या. गंजाचा प्रश्न सोडवायचा तो एक मार्ग होता, पण जगाने तो घेतला नाही.)

म्हणून मिनी बघायला जायचं ते गुडघे टेकायच्या तयारीने. जुने कपडे, टॉर्च, एक छोटं लोहचुंबक आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढं सोबत असलं की पुरे. आधी दाराखालचे उंबरे बघावेत, ज्यांना तिकडे सिल म्हणतात. मिनीच्या ताकदीचा मोठा वाटा या दोन पोकळ उंबऱ्यांत आहे आणि गंजाची पहिली वस्तीही तिथेच. मूळचा सिल अरुंद असतो. तो सडला की तो कापून नवा बसवायचा सोडून वरून जरा रुंद पट्टी वेल्ड करून टाकायची आणि रंग मारायचा, ही पळवाट ब्रिटनच्या गॅरेजांत इतकी रुळली, की तशा जास्त रुंद पट्ट्या वेगळ्या विकल्या जात. बाहेरून गुळगुळीत, आतला पत्रा आणि फरशीची कड मात्र आधीच्याच वेगाने सडत राहिलेली. रुंद सिल दिसला की आत काय झाकलंय हे विचारायचंच. मग पुढच्या मडगार्डच्या आणि दाराच्या बिजागरीच्या मधला अरुंद पत्रा, समोरच्या काचेखालची पट्टी, हेडलाइटच्या मागचा गोल आणि डिकीतली बॅटरीची पेटी, जिथे गंजाला आम्लाचीही साथ मिळते. जिथे पत्रा जास्तच गुळगुळीत वाटेल तिथे चुंबक लावावं. ते चिकटलं नाही तर रंगाखाली लोखंड नाही, लांबी भरलेली आहे. माठ घेताना जसा टिचकी मारून ऐकतात, तसा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा वाजवून ऐकावा. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला पोकळ, भरड आवाज देतो.

सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र गाडीच्या मागच्या पोटाखाली आहे. मागची चाकं आणि त्यांचे रबरी शंकू एका लोखंडी चौकटीवर बसवलेले असतात, तिला सबफ्रेम म्हणतात. चाकांनी उडवलेला सगळा चिखल तिच्यावर बसतो आणि ती कधी ना कधी सडतेच. पण सबफ्रेम ही सुटी वस्तू आहे. बोल्ट काढले, जुनी उतरवली, नवी चढवली. काम घामाचं आहे, दिवाळं काढणारं नाही. अनर्थ वेगळ्याच ठिकाणी असतो. मागच्या सीटखाली जो उभा पत्रा या चौकटीला पुढून धरून ठेवतो, तो सडला असेल तर नवी सबफ्रेम अडकवायची कशाला? मग सीट, पेट्रोलची टाकी, वायरिंग, पाइप सगळं उतरवा, पत्रा कापा, नवा पत्रा मापात बसवा, वेल्डिंग करा, पुन्हा रंगवा. सुटा भाग शंभरेक पौंडांत येतो, पण तो जिथे टेकतो त्या जागेला हजारो पौंड लागतात. सुट्या वस्तूने फार घाबरू नये आणि वेल्डिंगच्या कामाला कमी लेखू नये, हे या एका जागी जसं समजतं तसं दुसरीकडे कुठेच नाही.

यंत्राची परीक्षा त्या मानाने सोपी. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना दात खरवडल्यासारखा आवाज येतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश निघताना पुढच्या चाकाकडून टकटक ऐकू येते का, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो का, ऑइलच्या भांड्याच्या चुंबकी बुचाला धातूचे कण चिकटलेत का, एवढं बघितलं की पुरतं. ही लक्षणं दिसली तर किंमत पाडायची, गाडी नाकारायची नाही. पावसात बंद पडते म्हणून कोणी गाडी स्वस्तात विकत असेल तर आणखीच बरं. ठिणगीचं वाटप करणारा डिस्ट्रिब्युटर आडव्या इंजिनामुळे पुढच्या जाळीच्या अगदी मागे आला आहे, आणि समोरचं पाणी थेट त्याच्यावर येतं. जुन्या मालकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे त्याला स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा घालायचा आणि बोटांतून वायरी बाहेर काढायच्या. इतक्या हास्यास्पद आणि इतक्या यशस्वी दुरुस्त्या फार कमी गाड्यांच्या नशिबी आल्या आहेत.

मग कोणती मिनी घ्यावी? लोकांच्या तोंडी नाव असतं कूपर एस या नमुन्याचं. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकणारी ती हीच, आणि १९६६ मध्ये दिव्यांच्या नियमावरून बाद केली गेली तीही हीच. नेमक्या त्याच कीर्तीमुळे साध्या मिनीला कूपरचं इंजिन, ब्रेक आणि बिल्ला लावून केलेल्या नकला बाजारात फार आहेत. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत आणि तिथून गाडीच्या जन्माचा दाखला मिळतो. खरी कूपर एस म्हणून खऱ्या कूपर एसची किंमत मोजणाऱ्याने तो दाखला न बघता पुढे जाऊ नये. मला विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकातली साधी ९९८ सीसीची मिनी शोधावी. ती कुणाच्या दिवाणखान्यातलं गुंतवणुकीचं कपाट झालेली नसते. १९८४ नंतरच्या गाड्यांना १२ इंची चाकं आणि पुढे डिस्क ब्रेक आहेत, ते रोजच्या रहदारीत बरे. इथेही पत्र्याचं तत्त्व सिद्ध करणारी एक गोष्ट आहे. नव्वदच्या दशकात कंपनीने जपानला हजारो मिनी विकल्या, कारण तिथे या गाडीचं वेड होतं. त्यातल्या कितीतरी पुढे उलट्या जहाजाने ब्रिटनला परतल्या. स्वदेशात घडलेली, स्वदेशातच वाढलेली गाडी सोडून लोक परदेशात राहून आलेली शोधतात, याचं मुख्य कारण असं की जपानमध्ये पुष्कळ ठिकाणी रस्त्यावर मीठ पडत नाही आणि तिथल्या गाड्यांची पोटं शाबूत राहिली. इंजिन दोन्हीकडे तेच.

गाडी घेतल्यावर काय करायचं, तर थोडं थोडं आणि सतत. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे ते ऑइल इंजिनाच्या उष्णतेने पातळ होतं आणि गिअरच्या दातांनी चेचलंही जातं. दर ३,००० मैलांना ते बदलावं, आणि त्याच वेळी सस्पेन्शनच्या खिळींना ग्रीसगनने ग्रीस द्यावं. नव्या गाडीच्या मालकाला हे भाग माहीतच नसतात, कारण ते आता कायमचे सीलबंद येतात. मिनीत ग्रीस चुकलं की मागचे हात झिजतात आणि चाकं आत झुकतात. पेट्रोलचंही बघावं लागतं. ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं आणि २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही, म्हणून त्या बदलणं आणि जमेल तिथे कमी इथेनॉलचं महाग पेट्रोल भरणं हे आता ओघानेच आलं. आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झाल्यावर जुन्या गाड्यांच्या मालकांची चिंता दुप्पट झाली ती याच कारणाने. पण या सगळ्या खर्चाचा आकडा आवाक्यातला राहतो आणि कामं घरच्या अंगणात होतात. धोक्याचा आकडा एकच, पत्र्याचा. म्हणून मालकाच्या वर्षाच्या कॅलेंडरात सगळ्यात मोठं काम असावं ते हिवाळा संपल्यावर गाडीचं पोट धुण्याचं, आणि पोकळ्यांत मेणाचा फवारा मारून घेण्याचं. कोरड्या जागेत गाडी ठेवणं हे नव्या कार्ब्युरेटरपेक्षा शहाणपणाचं. ताडपत्रीत गुंडाळून ओलसर गॅरेजात ठेवलेली मिनी उघड्यावर वाऱ्यात उभ्या असलेल्या मिनीपेक्षा लवकर सडते, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

आता आक्षेप. पहिला तर्कशास्त्राचा आहे आणि तो वजनदार आहे. सिल नवे, फरशी नवी, मडगार्ड नवे, सबफ्रेम नवी. मग जुनं राहिलं काय? पुढे जाऊन बघा, विटनी इथल्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याचे मूळ साचे सांभाळले आहेत आणि तिथे मिनीचं सबंध नवं खोकंच मिळतं. जुन्या गाडीचं इंजिन, सीट, काचा, नंबर त्यात चढवले तर ती १९७२ ची गाडी की आजची? हा प्रश्न पत्र्याला पाच गुण देणाऱ्या युक्तिवादाच्या मुळावर येतो असं वाटू शकतं. पण त्या गुणपत्रिकेतलं बारीक अक्षर वाचलं तर खात्याने मूळ सांगाड्याबरोबर त्याच बनावटीचा, काही फेरफार न केलेला नवा सांगाडाही मान्य केला होता. त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. वारकऱ्याची वीणा पिढ्यान्पिढ्या चालते. तारा बदलतात, खुंट्या बदलतात, कधी भोपळाही बदलतो, तरी दिंडीत ती तीच वीणा राहते, कारण नवा भाग जुन्याच मापाने, जुन्याच जागी बसवलेला असतो. आकार आणि घडण टिकली की सातत्य टिकतं. फसवणूक तेव्हा होते जेव्हा बदललेलं सांगितलं जात नाही. म्हणून माझा कल असा, की नवं खोकं घातलेली आणि तसं कागदावर सांगणारी मिनी घ्यावी. सगळं मूळचं आहे असं छातीठोक सांगणाऱ्या, चकचकीत रंगवलेल्या मिनीपेक्षा ती बरी. रंग काढलेल्या अवस्थेतले, उघड्या पत्र्याचे फोटो दाखवू शकणारा विक्रेता हा सगळ्यात विश्वासू विक्रेता.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आणि धुराचा, आणि इथे जुन्या गाड्यांचे भक्त फार लवकर चिडतात. चिडू नये, कारण आक्षेप खरा आहे. ६०० किलोच्या आसपास वजनाच्या, पुढे जेमतेम हातभर नाक असलेल्या गाडीला आजच्या दोन टनी गाडीची धडक बसली तर काय होईल हे सांगायला अभियंता नको. चालकासाठी एअरबॅग १९९६ नंतरच्या मिनीतच आली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेलं जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन दर किलोमीटरमागे आजच्या गाडीपेक्षा कितीतरी घाण ओकतं. एक नवी गाडी बनवताना होणारं प्रदूषण वाचलं, असं उत्तर देतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ते तथ्य गाडी थोडी चालवली तरच टिकतं. रोज ४० मैल ऑफिसला जाणाऱ्याने मिनीच्या नावाने पर्यावरणाचा जप करू नये. सरकारी नियम मात्र याबाबतीत तर्कापेक्षा वयाला जास्त मान देतात. ४० वर्षं उलटलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ताकर माफ होतो, २०१८ पासून तिला वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही, आणि लंडनच्या कमी-धूर क्षेत्रातही ती फुकट फिरते. परिणामी १९७५ ची मिनी बिनदिक्कत आत जाते आणि तिच्यापेक्षा स्वच्छ असलेली १९९५ ची मिनी दिवसाला साडेबारा पौंड मोजते. तपासणीची माफी तर मला मालकाच्या हिताचीही वाटत नाही. जी एक नजर दरवर्षी गाडीच्या पोटाखाली जात होती, तीच बंद झाली. समंजस मालक सक्ती नसतानाही तपासणी करून घेतात. घेणाऱ्याने निदान सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून जुन्या तपासण्यांचे शेरे वाचावेत. तिथे कुठल्या वर्षी कुठला पत्रा सडला म्हणून गाडी नापास झाली, हे फुकट समजतं. इंजिन काढून विजेची मोटर बसवा म्हणजे धुराचा प्रश्नच मिटला, असा तिसरा पक्ष आहे. गुणपत्रिकेच्या भाषेत त्यात इंजिनाचा एक आणि गिअरबॉक्सचे दोन असे तीनच गुण जातात, त्यामुळे तो मला पाप वाटत नाही. मात्र बॅटरीसाठी फरशी किंवा डिकी कापली, तर जे जपायचं तेच आपण कापलं.

मिनी भारतात बनली नाही, पण तिच्याच वर्षी, १९५९ च्या एप्रिलमध्ये, जन्मलेली तिची प्रतिस्पर्धी आपल्या ओळखीची आहे. ट्रायम्फ हेराल्ड. तिची घडण मिनीच्या नेमकी उलट होण्यामागे व्यापारातली एक खेळी आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये बीएमसीने विकत घेतली. सलग खोकं बनवून देणारा कारखानाच प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्यावर हेराल्डच्या कर्त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी घेतली आणि तिच्यावर तुकड्या-तुकड्यांची बॉडी बोल्टने बसवली. मिकेलोत्ती या इटालियन कलाकाराने तिला देखणं रूप दिलं. मडगार्डसकट अख्खं नाक पुढे उलटतं आणि इंजिन चारी बाजूंनी मोकळं होतं. नाइलाजाने घेतलेली ही घडण पेट्यांतून सुटे भाग पाठवून दूरदेशी जोडायला फार सोयीची ठरली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणून विकली, आणि पुढे तिला चार दारं दिली ती फक्त भारतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या मंडळींना अँबॅसडर आणि फियाटच्या गर्दीत उठून दिसणारी ती छोटी, टोकदार गाडी आठवत असेल. तिच्यात पाच गुण चासीला. चासीला आडव्या जाणाऱ्या ज्या बाहूंवर बॉडी टेकते ते बाहू आणि मागचा भाग सडलेला नसेल, तर बाकीची हेराल्ड बोल्ट सोडत, जोडत, वर्षानुवर्षं दुरुस्त करता येते. बोल्ट गंजून बसलेले असतात, तेवढा त्रास धरावाच लागतो.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. ते काम समुद्र करतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत चार पावसाळे उघड्यावर काढलेली गाडी आणि सोलापूर-छत्रपती संभाजीनगरकडे कोरड्या हवेत पडून राहिलेली गाडी यांच्या पोटांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मात्र आपल्या कायद्याने गुणपत्रिका जरा बदलली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. तिला शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणजे ब्रिटनमध्ये एका गुणाचं असलेलं इंजिन इथे सांगाड्याच्या पंगतीला बसवलं आहे. हेतू चांगला असला तरी आपल्या इतिहासाशी तो जुळत नाही. सुटे भाग मिळेनात तेव्हा हाताशी असेल ते इंजिन बसवून गाडी चालती ठेवायची, ही आपल्या मिस्त्रींची पिढीजात रीत होती. त्या रीतीमुळेच यातल्या पुष्कळ गाड्या भंगारात गेल्या नाहीत. आता तीच रीत नोंदणीच्या आड येऊ शकते.

तरीही समुद्राकाठची चकचकीत, चालू हेराल्ड आणि सोलापूरच्या उन्हात रंग उडालेली, नाक उलटल्यावर इंजिनाची जागा रिकामी दिसणारी हेराल्ड अशा दोन समोर आल्या, तर दुसरीच्या चासीखाली आधी शिरावं. ती खणखणीत वाजली तर सौद्याला बसावं. त्या रिकाम्या जागेतलं इंजिन कुठल्या गोठ्यात, कुठल्या पोत्याखाली पडलंय, एवढं मात्र पैसे देण्याआधी मालकाकडून कबूल करून घ्यावं, कारण आरसी बुकातला नंबर त्याच्यावर कोरलेला आहे.